सचिनचा टेनिस एल्बो, बेसबॉलची बाही आणि तुमच्या फोनमधला सेन्सर

दोन महिन्यांपूर्वी माझं उजवं कोपर दुखायला लागलं. आमच्या सोलापुरात रविवारी सकाळी टेनिस बॉल क्रिकेट आणि रोज रात्री फोन आडवा धरून गेम, असा माझा कार्यक्रम. एके दिवशी चहाचा कप उचलताना अशी कळ आली की कप खालीच. डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. आता टेनिस तर मी आयुष्यात खेळलो नाही!

सचिनही टेनिसपटू नव्हता. ऑगस्ट २००४ मध्ये नेदरलँड्सच्या दौऱ्यावर त्याचं डावं कोपर बिघडलं. तो विश्रांती घेऊन परतला, डिसेंबरात ढाक्याला नाबाद २४८ केले, पण दुखणं गेलं नाही. शेवटी मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं. पाचेक महिन्यांनी, २५ ऑक्टोबरला नागपुरात श्रीलंकेविरुद्ध ९६ चेंडूंत ९३. डिसेंबरात दिल्लीला ३५ वं कसोटी शतक, म्हणजे गावसकरांचा विक्रम मोडला. आणि मार्च २००६ मध्ये परत ऑपरेशन, या वेळी खांद्याचं! सप्टेंबरात क्वालालंपूरला परतला तो थेट नाबाद १४१ करूनच. ग्वाल्हेरचं द्विशतक तर अजून पुढे होतं, २०१० मध्ये.

हे दुखणं असतं कशाचं? आत्ता एका हाताची मूठ घट्ट आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला ठेवा. स्नायू टणक झाला ना? मनगट स्थिर ठेवायचं काम त्याचं. हाडाला तो एका टेंडनने जोडलेला असतो. बॅट असो की फोन, पकड तासन्‌तास राहिली की त्या टेंडनची झीज होते. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून भरून यायला महिने लागतात.

बेसबॉलवाल्यांचं कोपर आतल्या बाजूने जातं. चेंडू फेकताना तिथलं लिगामेंट ताणलं जातं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातला टेंडन काढून कोपरात बसवला. १९७५ चा अख्खा सीझन तो बाहेर होता. परतल्यावर त्याने १६४ सामने जिंकले. त्या ऑपरेशनला आजही त्याचंच नाव आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. २०१६ मध्ये मेजर लीग बेसबॉलने मोटस नावाच्या कंपनीची सेन्सरवाली बाही सामन्यात घालायला परवानगी दिली. आतमध्ये काय? अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, तेच सेन्सर! हात किती वेगाने आणि कुठल्या कोनात फिरला यावरून कोपरावर किती ताण आला याचा हिशोब सॉफ्टवेअर करतं. लक्षात घ्या, हा अंदाज आहे. लिगामेंटच्या आत कुठलाच सेन्सर बसलेला नसतो.

मी लगेच तसली दोन अ‍ॅप्स टाकली. एकाने तिसऱ्याच दिवशी "रिकव्हरी ९० टक्के" दाखवलं. मी खुशाल बॅटिंगला गेलो आणि दुसऱ्या षटकात बॅट खाली ठेवून बसलो! अ‍ॅपला माझी हालचाल दिसत होती, कळ नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी चांगलंच झापलं.

फोनचा खरा उपयोग वेगळ्याच गोष्टींत झाला. डिजिटल वेलबीइंगमध्ये गेमला अर्ध्या तासाचा टायमर लावला. लांबलचक मेसेज मराठी व्हॉइस टायपिंगने पाठवतो. आणि रोज संध्याकाळी सातचा अलार्म: अर्धा लिटरची पाण्याची बाटली धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं, ताईंनी सांगितलं तितक्याच वेळा. तुमच्या बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सुटत असेल, तर मात्र व्हिडिओ बघून व्यायाम करू नका, आधी डॉक्टर गाठा.

आज सातवा आठवडा. कप उचलता येतो. बॅटला अजून परवानगी नाही, त्यामुळे रविवारी मी स्कोअर लिहितो. डाव्या हाताने.