टोमॅटोच्या वाट्याचे डॉलर

मलावीच्या बाजारात टोमॅटो सहसा तराजूत पडत नाहीत. विकणारी बाई जमिनीवर फडकं अंथरते, तीन-चार टोमॅटो खाली, त्यांच्यावर एक, असे वाटे लावते. आपल्या मासळीबाजारात लागतात तसेच. चिचेवा भाषेत याला म्हणतात ‘मुलू’. मका मोजायचा तर बादलीने.

आणि जागतिक बँक सांगते की रोज 3 डॉलरच्या आत भागवणारा माणूस अत्यंत गरीब. मलावीत दहातले सातहून जास्त लोक त्यात मोडतात. पण डॉलर कधी हातातही न धरलेल्या माणसाचे डॉलर मोजले कोणी? त्या वाट्याचा आकडा झाला कसा?

कमाई विचारून काही हाती लागत नाही. शेतकऱ्याला पगाराची तारीख नसते, आणि घरात शिजतो तो मका बऱ्याचदा स्वतःच्याच शेतातला. त्याची पावती कुठून आणणार? म्हणून विचारतात ते पोटाचं. झोंबा शहरातल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची माणसं 2016-17 मध्ये 12 हजारांवर घरांत गेली. गेल्या सात दिवसांत काय खाल्लं, किती, त्यातलं विकतचं किती, घरचं किती आणि कोणी दिलेलं किती? यादीत शंभरावर जिन्नस.

‘किती’ला उत्तर येणार: एक मुलू. मग फोटो पुढे करायचे. लहान वाटा, मध्यम, मोठा. यातला तुमचा कोणता? बाजारातले असे वाटे आधीच वजन करून ठेवलेले असतात, तेही उत्तर, मध्य आणि दक्षिण भागाचे वेगळे, कारण वाट्याचा आकार मुलखागणिक बदलतो. पायली आणि शेराचे हिशेब ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. मला मात्र वाटलं. जगाच्या गरिबीचा आकडा शेवटी एका फोटोवर ठेवलेल्या बोटावर उभा आहे!

वाट्याचे झाले किलो, किलोचे झाले क्वाचा. क्वाचा म्हणजे पहाट. चलनाला इतकं देखणं नाव क्वचितच असेल. पुढे क्वाचाचे डॉलर, पण बँकेच्या खिडकीवरच्या भावाने नव्हे. जगभरच्या बाजारांत तांदूळ, केशकर्तन, घरभाडं यांचे भाव टिपून काढलेल्या दराने. न्हावी मलावीतही तेवढाच वेळ कात्री चालवतो, पण पैसे अमेरिकेच्या मानाने फारच थोडे घेतो. म्हणून हे 3 डॉलर म्हणजे 2021 साली अमेरिकेत 3 डॉलरला जेवढं आलं असतं तेवढंच सामान. मलावीत त्याला लागणारी रोकड याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे ‘तिकडे स्वस्ताई असते, त्यांचं भागतं’ असं म्हणायची सोय नाही. स्वस्ताई आधीच धरलेली आहे.

घरोघरची ही पाहणी वर्षभर चालते, तेही मुद्दाम. एप्रिल-मेमध्ये कापणी झाली की कणगी भरलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत तळ दिसतो, नवा मका अजून उभाच असतो, आणि भूक थांबत नाही तेव्हा लोक कोवळी कणसं मोडून आणतात. वजन नाही, भाव नाही, विक्री नाही. तरी यादीत त्याची वेगळी ओळ आहे: हिरवा मका. पुढे रकाना, किती नग.