बाळाला घरी आणताना



या सत्रात आपल्या शाळेतील दोन पालक कुटुंबांनी माझ्याकडे एकच चौकशी केली. दोघांनीही मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवले आहे. त्यांचे म्हणणे असे, "सर, कायद्याचे आम्हांला समजले. पण बाळ हातात दिल्यावर ते परगावाहून सुरतेला आणायचे कसे?" प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे यांच्याबरोबर मी स्वतः हा प्रवास केलेला आहे. तो सुखाचा झाला नाही, म्हणूनच सांगण्यासारखा आहे. दोघांची परवानगी घेऊन लिहीत आहे.

आधी थोडे नियमांविषयी. पूर्वी लोक गावातल्या किंवा ओळखीच्या संस्थेत जात. आता नोंदणी 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर होते आणि आपण पसंत केलेल्या राज्यांतून क्रमवारीने मुलाची माहिती येते. त्यामुळे सुरतेच्या दांपत्याला बाळ पुण्यात मिळू शकते, ओडिशात मिळू शकते. माहिती आल्यावर ४८ तासांत होकार नोंदवायचा असतो, आणि मग संस्थेत जाऊन बाळाला भेटून तीस दिवसांच्या आत स्वीकृती द्यायची असते. त्यानंतर कायदेशीर आदेश होण्याआधीच बाळ 'दत्तकपूर्व संगोपनासाठी' आईवडिलांच्या ताब्यात देता येते. म्हणजे घरी येण्याचा हा पहिला प्रवास होतो तेव्हा बाळ कागदोपत्री अजून आपले झालेले नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. आदेश पूर्वी न्यायालय देत असे. सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टर साहेबांकडे आला आहे.

आमचा प्रवास जुलै २०१८ मधला. बाळ पुण्याचे, सात महिन्यांची मुलगी. बहीण म्हणाली, "दादा, तू बरोबर चल, मला धीर राहील." आईही निघाली. संस्थेतल्या ज्या मावशी बाळाला सांभाळत होत्या त्यांनी सर्व नीट सांगितले: कोणत्या कंपनीची दुधाची पावडर, तीस मिलिलिटर पाण्याला एक चमचा, झोपताना पाठीवर कसे थोपटायचे. त्यांनी बाळाची वापरलेली एक न धुतलेली दुपटीही दिली. आईने ती बघून नाक मुरडले आणि पिशवीच्या तळाशी घातली. त्या दुपट्याला मावशींचा वास होता आणि बाळाला तोच ओळखीचा होता, हे आम्हांला फार उशिरा समजले.

रात्रीची गाडी होती. कल्याणपर्यंत बाळ गप्प होते. आम्ही म्हटले, किती शहाणे बाळ! वास्तविक पाहता नव्या माणसांत एकदम गप्प झालेले बाळ शांत असतेच असे नाही. कित्येकदा ते घाबरलेले असते. कल्याणनंतर जे रडणे सुरू झाले ते थांबेना. आई म्हणाली, "दूध जड पडत असेल, पातळ कर." आम्ही पातळ केले. मी बाटली डब्यातल्या बेसिनच्या नळाखाली धुऊन आणली. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. ते पाणी पिण्याचे नसते, हे शाळेच्या सहलीत मुलांना दहा वेळा सांगणारा मी मनुष्य! वसई रोड सोडल्यावर जुलाब सुरू झाले. एक, दोन, तीन.

आणि मग दुसरे संकट आले. तो महिना आठवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले होते. आपल्यापैकी किती तरी कुटुंबे मूळची खानदेशातली, त्यांना वेगळे सांगायला नको. मोबाईलवर तसलेच संदेश फिरत होते. आमच्या डब्यात एक मूल तासभर आक्रोश करते आहे, आई म्हणवणाऱ्या बाईकडे जायला तयार नाही, आणि ती बाई बाटली कशी धरायची हे नवऱ्याला विचारते आहे. समोरच्या बाकावरील एका गृहस्थांनी विचारले, "बच्चा किसका है?" दोघे-चौघे उठून जवळ आले. मेहुणे गांगरले. कागद होते, पण ते बर्थखाली साखळीने बांधलेल्या मोठ्या बॅगेत! कुलूप उघडून संस्थेचे पत्र काढेपर्यंतची ती पाच मिनिटे मी विसरू शकत नाही. तिकीट तपासनीसांनी पत्र वाचले, लोकांना बसायला सांगितले. मघाशी सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या एका गुजराती बेननेच मग बाळाला हात लावून पाहिले आणि म्हणाल्या की हे लेकरू सुकत चालले आहे, पुढच्या स्टेशनला उतरा.

आम्ही वापीला उतरलो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, शेवटची लघवी केव्हा झाली? आम्हांला सांगता येईना. बाळाची टाळू खोल गेली होती, रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हते. चमच्या-चमच्याने जीवनरक्षक क्षारांचे पाणी पाजत सकाळ झाली. दुपारी सुरतेला पोहोचलो.

आता जे शिकलो ते. प्रवासात पावडर बदलू नये. संस्थेत चालू असलेलीच किमान दोन आठवडे द्यावी, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू बदलावी. मापात पाणी वाढवू नये, कमीही करू नये. पातळ दुधाने बाळ उपाशी राहते आणि घट्ट दुधाने त्याच्या शरीरातले पाणी कमी पडू शकते. पाणी उकळून, ते पुरते थंड होण्याआधी, म्हणजे ७० अंशांच्या आसपास असतानाच पावडर घालावी, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग अंगावर थेंब टाकून कोमट झाल्याची खात्री करून पाजावे. तयार दूध साध्या हवेत दोन तासांवर ठेवू नये आणि उष्टे राहिलेले तासाभरात टाकून द्यावे. प्रवासात सोपे म्हणजे थर्मासमध्ये गरम पाणी, मोजलेली पावडर कोरड्या डब्यांत आणि घरून उकळून नेलेल्या चार-पाच बाटल्या. धुण्याचा प्रश्नच नको.

जुलाब लागले तर ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामी करायची. अर्ध्या पुडीचा अंदाज चालत नाही. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याने. दूध बंद करायचे नाही. आणि लघवी किती वेळा झाली ते लिहून ठेवा, माझ्यासारखे डॉक्टरांपुढे गप्प उभे राहू नका.

कागद अंगावरच्या पिशवीत असावेत: संगोपनासाठी ताबा दिल्याचे पत्र, बाळाचा वैद्यकीय अहवाल, लसीकरणाचे कार्ड आणि आपले ओळखपत्र. झेरॉक्स वेगळ्या ठेवाव्यात. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. विमानात दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसू शकते, परंतु वयाचा पुरावा मागतात. नवीन जन्मदाखला त्या वेळी आपल्याकडे नसतो, म्हणून तिकीट काढण्याआधीच कोणता कागद चालेल ते कंपनीला विचारून घ्यावे. विमान उतरताना बाळाला बाटली द्यावी, गिळल्याने कानाचे दडे सुटतात. मे २०२२ मध्ये रेल्वेने लखनौ मेलमध्ये आईच्या बर्थला जोडलेली छोटी 'बेबी बर्थ' प्रयोग म्हणून बसवली होती. आमच्या वेळी मात्र बाळ रात्रभर आळीपाळीने मांडीवरच होते.

मांडीवरून आठवले. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'गोद लेना' म्हणतात, आपले गुजराती शेजारी 'खोळे लेवुं' म्हणतात आणि मराठीत जुनी माणसे 'मांडीवर घेणे' म्हणत. 'दत्तक' या शब्दात मूल देण्याची गोष्ट आहे, या तिन्हींत जवळ घेण्याची.

परदेशी हा प्रवास याहून लांबचा असे. चीनने १९९२ पासून परदेशी कुटुंबांना मुले दत्तक दिली. अमेरिकेत तर ऐंशी हजारांवर मुले गेली. आईवडिलांना बाळ बहुधा प्रांताच्या राजधानीत सोपवले जाई, तिथे पासपोर्टसाठी काही दिवस थांबायचे आणि मग बाळाला घेऊन ग्वांगझू शहरात व्हिसासाठी जायचे. अमेरिकेचे ते काम तिथेच होत असे. दोन आठवडे हॉटेलच्या खोलीत, भाषा येत नाही आणि बाळ अनोळखी! रस्त्यावरच्या चिनी आजीबाई या परक्यांना अडवून बाळाला पुरेसे कपडे घातले नाहीत म्हणून रागावत, असे अनेक आईवडिलांनी सांगितले आहे. आपल्या गाडीतल्या बेनसारख्याच. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने ही पद्धत, जवळच्या नातेवाइकांचा अपवाद सोडून, बंद केली.

आपल्या भागातही ही वाट जुनी आहे. सन १८७५ मध्ये मालेगावजवळच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला. तेच सयाजीराव महाराज. त्याच वर्षी पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या वतीने अनाथ बालकाश्रम उभा राहिला. पुढाकार घेणारे न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर हे गुजराती. त्यांनीच पुढे १८९२ मध्ये अहमदाबादेत आश्रम काढला आणि त्याला नाव दिले महीपतराम रूपराम यांचे, जे जन्माने आपल्या सुरतेचे. राजवाड्यांत दत्तक म्हटले की मुलगाच, तोही भाऊबंदांतला. हिंदू कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची स्पष्ट वाट १९५६ मध्ये करून दिली.

घरी पोहोचल्यावर आईने दुपटे पिशवीतून काढले, स्वतःच्या खांद्यावर टाकले आणि बाळाला घेतले. पहिल्यांदा ते तिच्या मानेशी डोके टेकून झोपले. नंतर न्यायालयासाठी पुण्याला पुन्हा जावे लागले, तेव्हा दुपटे वरच्याच पिशवीत होते.

विश्वस्त मंडळापुढे दोन गोष्टी मांडतो. आपल्या प्रवेश अर्जात 'मूल दत्तक असल्यास' असा एक जुना रकाना आहे. दत्तक मुलाच्या जन्मदाखल्यावर आईवडिलांचीच नावे असतात, शाळेला त्यापलीकडे माहितीची गरज नाही. तो रकाना पुढच्या छपाईत काढावा. दुसरे, दुसरीच्या 'माझे कुटुंब' या प्रकल्पात जन्माच्या वेळचा फोटो आणायला सांगतात. गेल्या वर्षी एक मुलगी फोटो नाही म्हणून तीन दिवस शाळेत आली नाही. शिक्षकांशी बोलून मी ती सूचना 'घरातला आवडता फोटो' अशी बदलली आहे. जूनपासून ती सर्व तुकड्यांना लागू राहील.