सांडपाणी केंद्रे आणि देखभालीचा अनुशेष

'अनुशेष' हा शब्द महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात रूढ झाला तो प्रादेशिक असमतोलाच्या संदर्भात. 1983 मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने सत्यशोधन समिती नेमली आणि सिंचन, रस्ते यांसारख्या क्षेत्रांत कोणता जिल्हा किती मागे आहे, हे या समितीने 1984 च्या अहवालात आकड्यांनिशी मांडले. जे बांधावयास हवे होते आणि बांधले गेले नाही, त्याचा तो हिशेब होता. परंतु जे बांधले गेले, चालूही झाले, मात्र ज्याची दुरुस्ती वेळच्या वेळी झाली नाही, त्याचाही अनुशेष साचत जातो. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पाणी, वीज, रस्ते यांच्या बाबतीत नागरिक तक्रार करतात, म्हणून तो निदान कानावर तरी येतो. सांडपाण्याच्या बाबतीत तसेही घडत नाही. न्हाणीघरातून पाणी वाहून गेले की नागरिकाचा त्याच्याशी संबंध संपतो, आणि शुद्धीकरण केंद्र गावाबाहेर, कुंपणाआड, कोणाच्या वाटेवर नसलेल्या ठिकाणी असते.

हा अनुशेष कोणत्या थरास जाऊ शकतो, याचे अलीकडचे व तपशिलासह नोंदले गेलेले उदाहरण अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचे आहे. संपन्न देशातील उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. पैसा नव्हता किंवा तंत्रज्ञान नव्हते, असे तेथे म्हणता येत नाही. त्यामुळे मूळ दुखणे अधिक स्पष्ट दिसते.

बाल्टिमोर हे मेरीलँड राज्यातील, चेसापीक उपसागराच्या काठचे जुने बंदर. अमेरिकेतील मोठ्या शहरांपैकी भूमिगत गटारे सर्वांत उशिरा बांधणाऱ्या शहरांत त्याची गणना होते. 1904 च्या भीषण आगीत शहराचा मध्यभाग भस्मसात झाल्यावर पुनर्रचनेच्या ओघात गटारांचे कामही हाती घेण्यात आले. त्या वेळी सांडपाणी तसेच समुद्रात सोडू नये असा आग्रह धरणाऱ्यांत कालवांचे व्यापारी अग्रभागी होते. उपसागरातील कालवे हा तेथील मोठा धंदा होता आणि मैलापाण्याने तो बुडेल अशी त्यांना धास्ती होती. त्यामुळे शहराच्या पूर्वेस बॅक रिव्हर या खाडीच्या काठी, दगडांच्या थरांवरून पाणी झिरपवून शुद्ध करणारे केंद्र उभारण्यात आले. त्या काळी हे पुढारलेले पाऊल होते. 1942 पासून तर या केंद्रातील शुद्ध केलेले पाणी शेजारच्या स्पॅरोज पॉइंट येथील पोलाद कारखाना यंत्रे थंड करण्यासाठी वापरू लागला. सांडपाण्याच्या पुनर्वापराचे उदाहरण म्हणून अभियंते या व्यवस्थेकडे कित्येक वर्षे बोट दाखवीत असत.

आज बॅक रिव्हर केंद्राची क्षमता दिवसाला 18 कोटी गॅलन, म्हणजे सुमारे 68 कोटी लिटर आहे. शहर व लगतचा परगणा मिळून सुमारे 13 लाख लोकांचे सांडपाणी तेथे येते. शहराचे पटॅप्स्को नावाचे दुसरे, लहान केंद्र आहे. या दोन केंद्रांत पुढे काय घडले, हे समजण्यासाठी अशा केंद्राचे काम थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

केंद्रात शिरलेले पाणी प्रथम जाळ्यांतून जाते. तेथे चिंध्या व प्लॅस्टिक अडते. त्यानंतर वाळू व रेव खाली बसते. मग पाणी प्राथमिक निवळण टाकीत काही तास संथ ठेवले जाते. तरंगणाऱ्या घन पदार्थांपैकी निम्मा किंवा त्याहून अधिक भाग येथे तळाशी बसतो आणि साखळीला लावलेली खोरी तो सतत एका कडेला ओढत राहतात. उरलेल्या पाण्यात हवा मिसळून त्यातील सूक्ष्म जीवांची वाढ केली जाते. विरघळलेली घाण हे जीव खातात. दुय्यम टाकीत ते स्वतःच गाळाच्या रूपाने खाली बसतात. त्यांपैकी काही पुन्हा कामास परत पाठवावयाचे असतात आणि बाकीचे काढून टाकावयाचे असतात. निघालेला सर्व गाळ बंद पचन टाक्यांत कुजवून, त्यातील पाणी काढून, सुकवून बाहेर न्यावा लागतो. बॅक रिव्हर येथील पचन टाक्या प्रचंड अंड्यांच्या आकाराच्या व सोनेरी आहेत. शहराबाहेरच्या वर्तुळाकार महामार्गावरून त्या दिसतात आणि तेथील लोक त्यांना सोन्याची अंडी म्हणतात.

या सर्व साखळीत गाळाचे स्थान निर्णायक असते, आणि प्रशासकांच्या लक्षात नेमके हेच येत नाही. केंद्राला भेट देणारा पाहुणा बाहेर पडणारे पाणी पाहतो; केंद्राची प्रकृती मात्र बाहेर पडणाऱ्या गाळावरून ओळखावी लागते. समजा, गाळ सुकविणारे एक यंत्र बंद पडले. सुटा भाग मागवावयाचा आहे, तो येईपर्यंत थांबावे लागेल. तोवर पचन टाकीतून गाळ निघत नाही, म्हणून पचन टाकी भरते. ती भरली की निवळण टाकीतला गाळ घेण्यास जागा राहत नाही. तो तळाशी घट्ट होतो, त्याच्या भाराने खोऱ्यांची साखळी तुटते आणि टाकी बंद ठेवावी लागते. मग उरलेल्या टाक्यांतून सर्व पाणी अधिक वेगाने जाते, घाण बसण्यास अवधी मिळत नाही आणि ती हवेच्या टाक्यांत शिरते. तेथील जीवांवर ताण पडतो. अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू मुळातच फार सावकाश वाढतात. ते एकदा वाहून गेले की नव्याने तयार होण्यास आठवडे लागतात. शेवटच्या गाळण्या तुंबतात. म्हणजे शेवटच्या टोकाला एक यंत्र बंद पडले आणि त्याचा परिणाम उलट दिशेने चालत केंद्राच्या पहिल्या टोकापर्यंत पोहोचला. कारखान्यात एक यंत्र बंद पडले तर उत्पादन थांबविता येते. शहराचे सांडपाणी थांबविता येत नाही. ते रात्री येते, सणाच्या दिवशी येते आणि पावसाळ्यात दुप्पट-तिप्पट येते.

2021 च्या वसंत ऋतूत 'ब्लू वॉटर बाल्टिमोर' या स्वयंसेवी संस्थेने नदीतील पाण्याचे नमुने घेतले. ही संस्था असे नमुने नियमितपणे घेत असते. पटॅप्स्को केंद्राच्या निर्गमाजवळ जिवाणूंचे प्रमाण बेसुमार आढळल्याने तिने राज्याच्या पर्यावरण विभागास कळविले. विभागाच्या निरीक्षकांनी मे-जूनमध्ये दोन्ही केंद्रांची तपासणी केली. बॅक रिव्हर येथे प्राथमिक निवळण टाक्यांपैकी बहुतेक बंद होत्या. काही टाक्यांच्या काठांवर शेवाळ आणि झाडोरा माजला होता. यंत्रे नादुरुस्त होती आणि ती चालविण्यास व दुरुस्त करण्यास पुरेसे प्रशिक्षित कर्मचारी नव्हते. परवान्यात ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक नत्र, स्फुरद व घन पदार्थ उपसागरात जात होते. चेसापीक उपसागराचे मुख्य दुखणे नत्र व स्फुरद हेच आहे. त्यांच्यामुळे पाण्यात शेवाळ वाढते, ते कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे व कालवे यांना जगणे अशक्य होते.

येथे वाचकास प्रश्न पडेल की त्या शहराने या केंद्रावर पैसा खर्चच केला नव्हता काय? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. उपसागराच्या संरक्षणासाठी मेरीलँड राज्याने 2004 मध्ये प्रत्येक घरावर दरमहा अडीच डॉलरची पट्टी बसविली. लोकांनी तिचे 'फ्लश टॅक्स' असे नामकरण केले. 2012 मध्ये ही पट्टी दुप्पट झाली. या निधीतून राज्यातील मोठ्या केंद्रांवर नत्र काढण्याची आधुनिक यंत्रणा उभारण्यात आली; त्यांत बॅक रिव्हरही होते. शिवाय तुंबलेल्या गटारांचे मैलापाणी ओढ्यांत जाते, या कारणाने केंद्र सरकारने शहराला 2002 मध्ये न्यायालयीन करारात बांधून घेतले होते. त्या करारात 2017 मध्ये सुधारणा झाली. त्याच्या पूर्ततेसाठी बॅक रिव्हरच्या मुखाशी सुमारे 43 कोटी डॉलर खर्चून नवी उपसा यंत्रणा बांधण्यात आली. ती कार्यान्वित होऊन फारसा काळ लोटला नव्हता, तोच निरीक्षकांना आतल्या टाक्यांवर झाडोरा दिसला.

आपल्याकडील लेखाविभागातील अधिकाऱ्यांना हे कोडे चटकन उलगडेल. भांडवली खर्चाला न्यायालयाचा आदेश असतो, अनुदान असते, कर्ज मिळते, मुदत असते आणि शेवटी उद्‌घाटन असते. बेअरिंग बदलणे, साखळीला वंगण घालणे, टाकी रिकामी करून धुणे यांस यांपैकी काहीच लाभत नाही. हा खर्च दरवर्षीच्या महसुली अंदाजपत्रकातून भागवावा लागतो, आणि ओढाताणीच्या वर्षी कात्री लावावयास तोच सोपा असतो. दुरुस्ती पुढे ढकलल्याने त्या वर्षी काहीच बिघडत नाही. राखीव यंत्र असते, ते चालू होते. मग राखीव यंत्रालाच राखीव उरत नाही.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही हीच रीत आहे. रिक्त पद म्हणजे आस्थापना खर्चातील बचत, असे कागदोपत्री दिसते. पण सांडपाणी केंद्रातील यंत्रचालक एका जाहिरातीने मिळत नाही. मेरीलँडमध्ये त्याला परीक्षा देऊन राज्य मंडळाचा दाखला मिळवावा लागतो आणि वरच्या दर्जाच्या दाखल्यासाठी काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. काम दुर्गंधीचे, पाळ्यांचे व धोक्याचे असते. हायड्रोजन सल्फाइड हा वायू विषारी आहे आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येईनासा होतो, हे अनुभवी माणूस जाणतो, नवखा जाणत नाही. चालक कमी झाले की उरलेल्यांना जादा तास काम करावे लागते. थकलेला माणूस फक्त बंद पडलेले यंत्र चालू करतो. जे बंद पडणार आहे त्याच्याकडे पाहण्यास त्याला वेळ नसतो. त्यामुळे बिघाड वाढतात, बिघाडांमुळे काम वाढते, आणि ज्यांच्यापाशी दाखला आहे ते दुसरी नोकरी पाहतात. कोणत्या पंपाचा आवाज बदलला की काय समजावे, ही माहिती पुस्तिकेत नसते. ती निवृत्त होणाऱ्या माणसाबरोबर फाटकाबाहेर जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2020 मध्ये असे म्हटले होते की पाणी व सांडपाणी क्षेत्रातील सुमारे एक तृतीयांश कर्मचारी पुढील दहा वर्षांत निवृत्तीस पात्र होतील. बाल्टिमोर महापालिकेने आपल्या बचावात करोनाची साथ, माणसांची टंचाई आणि सुट्या भागांचा तुटवडा ही कारणे दिली. ती खोटी नव्हती. परंतु काठावर झाडे उगवण्यास साथीपेक्षा अधिक काहीतरी लागते.

तपासणीनंतरही सुधारणा होईना. राज्याने जानेवारी 2022 मध्ये दावा दाखल केला. 24 मार्च 2022 रोजी 48 तासांत बेकायदा विसर्ग थांबविण्याचा आदेश काढला, आणि 27 मार्चला बॅक रिव्हर केंद्राचे चालन 'मेरीलँड एन्व्हायरन्मेंटल सर्व्हिस' या राज्य यंत्रणेकडे सोपविले. निर्वाचित महापालिकेचे केंद्र राज्याने आपल्या हाती घेणे ही लहान गोष्ट नव्हे. शहराने त्यास हरकत घेतली; अखेर जूनमध्ये उभयतांत संमतीचा आदेश झाला. राज्य यंत्रणेच्या लोकांनी तेथे जाऊन हाती घेतलेले काम नवलाचे नव्हते. टाक्या साफ करणे, साचलेला गाळ बाहेर काढणे, बंद यंत्रे एकामागून एक चालू करणे, आणि कोणत्या कामासाठी किती माणसे लागतात व किती आहेत याचा हिशेब मांडणे, असे त्याचे स्वरूप होते. परिस्थिती लगेच पालटली असे मात्र नाही. 15 मार्च 2023 रोजी गाळ सुकवून त्याच्या गोळ्या करणाऱ्या इमारतीत स्फोट होऊन आग लागली. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य, स्वयंसेवी संस्था व शहर यांच्यात तडजोड झाली. दुरुस्त्यांचे वेळापत्रक ठरले आणि शहराला 47 लाख 50 हजार डॉलरपर्यंतचा दंड मान्य करावा लागला.

आपल्या देशातील स्थिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत पाहावयास मिळते. देशातील नागरी भागात दररोज सुमारे 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. बांधून उभी असलेली क्षमता 31,841 दशलक्ष लिटर होती. त्यांपैकी चालू 26,869, आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी केवळ 20,235 दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आकड्यांतील अंतर सर्वांना ठाऊक आहे. सभागृहांत चर्चा होते ती त्याचीच. दुसऱ्या व शेवटच्या आकड्यांतील अंतर सुमारे 11,600 दशलक्ष लिटरचे आहे. काही ठिकाणी घरांच्या जोडण्या अपुऱ्या असल्याने केंद्रापर्यंत पाणीच पोहोचत नाही, काही ठिकाणी यंत्रे थांबलेली असतात. पण ही क्षमता बांधून झालेली आहे आणि तिचे पैसेही देऊन झालेले आहेत.

नगरपरिषदांच्या अनेक निविदांत कंत्राटदाराने बांधकामानंतर काही वर्षे केंद्र चालवावे, अशी अट असते. ही पद्धत चांगली आहे. तथापि मुदत संपते त्या दिवशी केंद्र कोणाच्या हाती जाते, हे पाहिले पाहिजे. नगरपरिषदेच्या आकृतिबंधात यंत्रचालक, फिटर, तारतंत्री व प्रयोगशाळा सहायक यांची पदे मंजूर आहेत काय, आणि असल्यास भरलेली आहेत काय? कंत्राटदाराची माणसे जाण्यापूर्वी परिषदेची माणसे त्यांच्याबरोबर निदान एक पावसाळा काढतात काय? केंद्रास भेट देणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी शुद्ध पाण्याची काचेची बाटली पाहून परत फिरू नये. गेल्या महिन्यात किती गाडी गाळ बाहेर गेला, ते विचारावे. चालकाला तो आकडा तोंडपाठ असावयास हवा. नसल्यास नोंदवही मागवावी. ग्रामपंचायतींच्या सांडपाणी योजना याहून कितीतरी लहान असतात, शोषखड्डा किंवा स्थिरीकरण तळे एवढाच त्यांचा व्याप. तरी तळ्यातील गाळ काही वर्षांनी काढावाच लागतो, आणि त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम ठेवण्याची आठवण ग्रामसभेत कोणीतरी करून द्यावी लागते.