इंजेक्टर खोलण्याआधी

थंडीच्या सकाळीही पहिला सेल्फ मारला की डिझेल गाडी एका दमात सुरू व्हायला हवी. ती तीन-चारदा कुथत असेल, सुरू झाल्यावर थरथरत असेल, बॉनेटखालून कोरडा खट्‌-खट्‌ ठोका येत असेल आणि मागून धूर निघत असेल, तर गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, इंजेक्टर गेले." कधी ते खरंही असतं. पण चारही इंजेक्टर नवे घ्यायचे तर बिल सहज पाच आकड्यांत जातं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं असं, की आधी मोजा आणि मगच खोला.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो, की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत उडवलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. ते उडवणारा तो इंजेक्टर. प्रवासी कारमध्ये कॉमन रेल पद्धत १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये आली. त्या पिढीपासून पंप एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो आणि कॉम्प्युटर सांगेल त्या क्षणी इंजेक्टर उघडतो. आताच्या बहुतेक गाड्यांत पूर्ण जोरावर हा दाब १६०० बार किंवा त्याहूनही जास्त असतो. गाडीच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज यावा. नोझलची भोकं मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. इंजिन २००० आरपीएमवर फिरत असताना प्रत्येक सिलिंडरची पाळी मिनिटाला हजार वेळा येते.

त्यातही एक बारकावा आहे. मुख्य फवाऱ्याच्या आधी इंजेक्टर एक-दोन घनमिलिमीटर डिझेल सोडतो. त्याने जळण हळुवार सुरू होतं आणि आवाज मऊ राहतो. भोकांवर काजळी धरली किंवा आतली सुई चिकटू लागली, की सर्वात आधी बिघडतो तो हा थेंबभर हिशेब. कोरडा ठोका येतो तो त्यामुळे. पुढे फवारा बारीक न होता धार पडू लागली, की डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर येतो आणि ॲव्हरेज पडतं.

मात्र हीच लक्षणं दुसऱ्या कारणांनीही दिसतात. एअर फिल्टर चोंदला, ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा टर्बोचा होस फाटला, तरी काळा धूर येतो. हीटर प्लग गेला तर थंडीत गाडी उठत नाही आणि पांढरट धूर सोडते. डिझेल फिल्टर भरला तर चढावर पिकअप मरतो. ही सगळी कामं इंजेक्टरपेक्षा स्वस्त आहेत, म्हणून ती आधी तपासायची. मग स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन बघायचं. इंजिन एकसारखं चालावं म्हणून कॉम्प्युटर कोणाला जास्त आणि कोणाला कमी डिझेल देतोय, ते तिथे आकड्यांत दिसतं.

त्यानंतर बाटल्यांची चाचणी. इंजेक्टरमधून थोडं डिझेल रिटर्न लाइनने टाकीकडे परत जातं. त्या बारीक नळ्या काढून प्रत्येकीला एक पारदर्शक बाटली लावायची आणि इंजिन काही मिनिटं आयडलिंगवर ठेवायचं. माझ्या गाडीला हे केलं तेव्हा तीन बाटल्यांत बोटभर डिझेल जमलं आणि चौथी निम्म्याच्या वर गेली. सगळा खुलासा तिथेच झाला. चौथ्या इंजेक्टरचा व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता, दाब तिथून निसटत होता आणि सकाळी रेल भरायलाच वेळ लागत होता. खोलायचा होता तो एकच. रिटर्नमध्ये दाब लागणाऱ्या पिझो प्रकारच्या इंजेक्टरना मात्र ही उघड्या बाटल्यांची रीत चालत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. जुन्या डिझेल इंजिनांवर मिस्त्री चालू गाडीत एकेका पाइपचा नट सैल करून मिसिंग मारणारा सिलिंडर शोधायचे. कॉमन रेलवर असं कधीही करू नका. त्या दाबाची केसाएवढी धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आत डिझेल पसरत जातं आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट किंवा हातही जाऊ शकतो.

मळ हलका असेल तर टाकीत घालायचं चांगलं क्लीनर, बाटलीवरच्या प्रमाणातच, आणि नवा डिझेल फिल्टर एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. फरक एका टाकीत दिसेलच असं नाही, दोन-तीन टाक्या जाऊ द्याव्यात. रॉकेल मिसळायचा जुना उपाय टाळा. पंप आणि इंजेक्टरला वंगण डिझेलच देतं आणि रॉकेलात तो गुण कमी.

तेवढ्याने न भागल्यास इंजेक्टर काढून पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे न्यायचा. तिथे अल्ट्रासोनिक टाकीत तो धुतात आणि टेस्ट बेंचवर डिझेल किती पडतं, फवारा कसा येतो, रिटर्न किती जातो, हे मोजतात. आधीचे आणि नंतरचे आकडे मागून घ्या. माझ्या इंजेक्टरचा रिटर्न धुतल्यावरही कमी झाला नाही. झिजलेला धातू धुऊन परत येत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह बदलावा लागला. नोझलच्या टोकावर तारेचा ब्रश मारू देऊ नका, भोकं कायमची बिघडतात.

बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा आणि बैठक स्वच्छ. जुना वॉशर वापरला तर जळका वायू बाजूने फुसफुसत निघतो आणि डांबरासारखा काळा थर धरतो. चारही काढले असतील तर ज्याचा त्याच सिलिंडरमध्ये जायला हवा. इंजेक्टर बदलला असेल, तर त्यावर कोरलेला कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. त्याशिवाय डिझेलचं माप जुन्याच्या हिशेबाने पडत राहतं. शेवटी इंजिन ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी वर चढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर पातळ झालेलं ते ऑइल त्याच दिवशी बदला.