गाडीतला ॲम्प्लिफायर वारंवार बंद का पडतो?

मे महिन्यात जबलपूरचा पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. दुपारभर उन्हात उभी असलेली गाडी सुरू करून तुम्ही गाणी लावता आणि पंधरा मिनिटांत आवाज बंद होतो. ॲम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा लाल झालेला असतो. थोड्या वेळाने तो आपोआप सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. 'ॲम्प्लिफायर गेला' असे समजून बरेच जण नवा बसवतात, आणि नवाही तसाच वागतो.

लाल दिवा म्हणजे आतल्या संरक्षक मंडलाने आपले काम केले, एवढेच. व्होल्टेज फार उतरले, करंट जास्त झाला किंवा तापमान वाढले, की हे मंडल पुरवठा तोडते. म्हणून आधी पाहा, तो *कधी* बंद पडतो.

बासचा ठोका पडताच बंद पडत असेल, तर संशय वायरिंगवर घ्या. समजा, बॅटरीपासून डिकीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची ५ मीटर तांब्याची वायर आहे. तांब्याची रोधकता सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर, म्हणून वायरचा रोध साधारण ०.०२१ ओहम. ४० अँपिअर करंटला तिच्यातच ०.८५ व्होल्ट खर्च होतात. अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळला असेल आणि तिथे ०.०३ ओहम रोध असेल, तर आणखी १.२ व्होल्ट गेले. इंजिन बंद असताना या भाराखाली बॅटरी १२ व्होल्ट देत असेल, तर ॲम्प्लिफायरला १० व्होल्टही मिळत नाहीत. अनेक ॲम्प्लिफायर याच सुमारास पुरवठा तोडतात. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो.

(जबलपूरच्या वाहन निर्माणी कारखान्यात तयार झालेल्या स्टॅलियन या लष्करी ट्रकांची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची आहे. तेवढ्याच शक्तीला करंट निम्मा लागतो, त्यामुळे त्याच वायरमधला अपव्यय एक चतुर्थांश होतो. आपल्या १२ व्होल्टच्या गाडीत ही सवलत नाही.)

मोजमाप बॅटरीपाशी नको, ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर घ्या, आणि तेही आवाज मोठा असताना. शांत असताना सगळ्याच वायरी चांगल्या दिसतात! मग मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे, लांब वायर जोडून, ॲम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलला लावा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा.

दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडत असेल, तर कारण बहुधा उष्णता. ॲम्प्लिफायर ८० अंशांना बंद होतो असे धरा. भोवतालची हवा ३० अंश असेल तर उष्णता बाहेर पडायला ५० अंशांचा फरक मिळतो. तापलेल्या बंद गाडीत सीटखाली हवा ६० अंश असेल, तर फरक उरतो २० अंशांचा. उष्णता साधारणपणे या फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते, म्हणजे तोच ॲम्प्लिफायर आता दोन-पंचमांश उष्णताच टाकू शकतो. त्यावर गालिचा अंथरला असेल तर बोलायलाच नको. क्लास एबी प्रकारात निम्म्याच्या आसपास शक्ती उष्णतेत जाते. क्लास डी बराच थंड राहतो.

सुरू करताच बंद पडत असेल, तर स्पीकरच्या सर्व वायरी काढून पाहा. आता दिवा हिरवा राहिला, तर दोष बाहेर आहे: वायर पत्र्याला टेकलेली, किंवा भार कमी ओहमचा. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. ब्रिज जोडणीत प्रत्येक चॅनेलला त्याचा निम्मा, म्हणजे १ ओहमच दिसतो. वायरी काढूनही दिवा लालच राहिला आणि टर्मिनलवरचे व्होल्टेज ठीक असेल, तरच ॲम्प्लिफायर दुरुस्तीला न्या.

एक उपाय मात्र कधीही करू नका: ४० अँपिअरचा फ्यूज उडतो म्हणून ८० चा बसवणे. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी असतो. तो मोठा केलात, तर करंट वाढल्यावर फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर तुमच्या सीटखालून गेलेली असते.