घडणावळ उलटी लागते: ओल्ड स्कूल रुनस्केपमधली सोनारकी

ऐकणं जमलं नाही त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित अवतार. 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

गेल्या वेळी रुनस्केपचा विषय निघाला आणि इनबॉक्समध्ये एकच प्रश्न आला: 'दादा, दागिने बनवून गेममध्ये पैसे मिळतात का?' मिळतात. पण आपल्याला वाटतं तिथे नाही. आणि हे मी २६ हिरे घालवून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. रुनस्केप हा २००१ सालचा ब्रिटिश गेम, केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा. गढ्या, भट्ट्या, शूर सरदार, ड्रॅगन असं जुन्या युरोपच्या वळणाचं जग. पुढे गेम इतका बदलला की जुने खेळाडू वैतागले. मग कंपनीने २००७ च्या ऑगस्टमधला एक बॅकअप शोधून काढला आणि २०१३ मध्ये तोच 'ओल्ड स्कूल' म्हणून पुन्हा सुरू केला. बॅकअप ठेवा, बॅकअप ठेवा असं मी ऑफिसमध्ये ओरडत असतो, त्याला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. २०१८ पासून हा गेम मोबाइलवर आहे आणि अकाउंट तेच चालतं. मी कंपनीच्या बसमध्ये खेळतो.

आता सोनारकी. लागतं काय? सोन्याची लगड, साचा आणि भट्टी. अंगठीचा साचा वेगळा, हाराचा वेगळा, ताइताचा वेगळा. खडा बसवायचा असेल तर आधी छिन्नीने पैलू पाडायचे. नीलमला क्राफ्टिंगची लेव्हल २० लागते, पाचूला २७, माणकाला ३४, हिऱ्याला ४३. पण पैलू पाडता आले म्हणजे दागिना घडवता येतो असं नाही. हिऱ्याची अंगठी ४३ ला जमते, हिऱ्याच्या ताइतासाठी मात्र थेट ७० लागते. हा फरक लक्षात ठेवा, माझा घात तिथेच झाला.

ताईत भट्टीतून निघाला की लगेच गळ्यात घालता येत नाही. लोकरीच्या गुंड्याने तो ओवावा लागतो. आपल्याकडे मंगळसूत्र गाठवून घेतात ना, तसंच. ज्याने हे डिझाइन केलं त्याने कधीतरी सोनाराच्या दुकानात वेळ काढला असणार, असं मला उगाच वाटतं.

पिशवीत जागा २८. साचा एक, लगडी १३, खडे १३. झाले २७, एक जागा रिकामी. इंजिनिअर माणसाला ही रिकामी जागा रात्री झोपू देत नाही, पण इलाज नाही. १३ दागिने घडवा, बँकेत ठेवा, परत या. म्हणून भट्टी बँकेजवळ हवी. बहुतेक लोक एजव्हिल नावाच्या गावात जातात ते यासाठीच. मोबाइलवर हे काम सोयीचं पडतं, कारण एकदा 'सगळे बनव' दाबलं की बोटाला सुट्टी. (ऑटोक्लिकर मात्र लावू नका. बॅन होतं. 'मला नाही होणार' असं म्हणणारे दोन मित्र आता दुसरा गेम खेळतात.)

आता मुख्य मुद्दा. मी लगडी विकत घेतल्या, खडे विकत घेतले, अंगठ्या घडवल्या आणि ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे गेममधल्या बाजारात, विकायला गेलो. अंगठीचा भाव सोनं अधिक खडा यापेक्षा कमी! मला वाटलं आपण काहीतरी चुकतोय. चुकत नव्हतो. या जगात घडणावळ उलटी लागते.

का? कारण प्रत्येक दागिन्यामागे अनुभवाचे गुण मिळतात आणि लोकांना गुणच हवे असतात. साध्या सोन्याच्या अंगठीला १५, नीलमच्या ताइताला ६५. लेव्हल ९९ ला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि गंमत म्हणजे लेव्हल ९२ वर तुम्ही जेमतेम अर्ध्यावर असता. एवढ्या गुणांमागे हजारो लोक लागले की कच्च्या मालाची मागणी वाढते आणि घडवलेल्या मालाचा ढीग पडतो. अंगठी हे मुख्य उत्पादन नाहीच, ती अनुभव मिळवताना उरलेली वस्तू आहे. खेळाडू स्वतःच्या शिक्षणाची फी भरतोय, एवढंच. बीटेकची फी आठवली.

मग भाव शून्यावर का येत नाही? दोन कारणं. एक म्हणजे हाय अल्केमी. जादूची लेव्हल ५५ झाली की कुठलीही वस्तू तिच्या गेमने ठरवलेल्या किमतीच्या ६० टक्के नाण्यांत बदलता येते. त्यामुळे भावाला खालून टेकू मिळतो. हा झाला नळ, इथून नवी नाणी जगात येतात.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. दागिने मंतरता येतात आणि मंतरलेले दागिने संपतात. पाचूची अंगठी मंतरली की 'रिंग ऑफ ड्युएलिंग' होते. आठ वेळा तुम्हाला इकडून तिकडे पोचवते आणि मग चुरा. नीलमची अंगठी 'रिंग ऑफ रिकॉइल' होते. मारणाऱ्याला थोडा मार परत देते आणि असा ४० मार परत करून फुटते. म्हणजे ही मोरी. नळ चालू आणि मोरी तुंबलेली असेल तर घरात पाणी होतं. गेमची अर्थव्यवस्थाही तशीच बुडते. रोज असंख्य अंगठ्या फुटतात, म्हणून उद्याच्या सोनाराला गिऱ्हाईक आहे.

पैसे मिळतात ते या मंतरण्यात. पाचूसाठी जादूची लेव्हल २७ पुरते. हातात हवेची काठी घेतली की हवेचे रून फुकट, खर्च फक्त एका कॉस्मिक रूनचा. हिशोब सोपा आहे: मंतरलेल्या अंगठीचा भाव, वजा कर लागत असेल तर तो, वजा साधी अंगठी, वजा रून. उत्तर शून्याच्या वर असेल तरच सुरू करा. फरक तुटपुंजा असतो आणि रोज बदलतो. शिवाय बाजारात दर चार तासांना ठराविक नगच विकत घेता येतात, त्यामुळे एका रात्रीत कुबेर होणार नाही.

आता माझे हिरे. माझी लेव्हल पन्नाशीच्या आत होती. महिनाभर जमवून २६ हिरे मी स्वतः पैलू पाडून तयार ठेवले होते. हिऱ्याचा ताईत मंतरला की 'अम्युलेट ऑफ पॉवर' होतो आणि मला तो मित्रांना वाटायचा होता. बाजारात एक जण म्हणाला, 'माझी लेव्हल ८० आहे, फुकट घडवून देतो.' देवाणघेवाणीच्या खिडकीत मी २६ हिरे आणि २६ लगडी ठेवल्या. त्याच्या बाजूला काहीच नव्हतं. गेमने दुसऱ्या खिडकीत पुन्हा विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं. तो दोन सेकंद उभा राहिला आणि लॉगआउट.

असा गेलेला माल कंपनी परत देत नाही. तुम्ही स्वतः 'हो' म्हटलेलं असतं.

माझी आजी सोनाराकडे गेली की समोर बसून सोनं आटवून घ्यायची. चहा आला तरी नजर मुशीवर. मला लहानपणी याची लाज वाटायची, किती तो अविश्वास! सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, माझे मात्र सोनार नसलेल्याने टोचले.

गेममध्ये समोर बसायची सोय नाही. माल दिला की तो त्याचा झाला. त्यामुळे 'घडवून देतो', 'दुप्पट करून देतो', 'खडे दे, मंतरून देतो' यातलं काहीही ऐकलं की पुढे चालू लागा. लेव्हल नसेल तर तयार ताईत बाजारातून विकत घ्या. घडणावळ उलटी असल्यामुळे तो बहुतेक वेळा स्वस्तच पडतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर हिरे विकून ताईत घेतले असते आणि वर चार नाणी उरली असती.

पुढच्या एपिसोडमध्ये मासेमारी. तिथे कुणी काही घडवून देतो म्हणत नाही.