दोरीवरची एवढीशी गाठ

मुलीला तिरंदाजीच्या वर्गाला घालून सहा महिने झाले. सुरुवातीला उड्या मारत जाणारी पोर हल्ली चेहरा पाडून घरी येते. बाण कधी वर लागतो, कधी खाली. ‘तुझं लक्षच नसतं,’ असं तुम्ही म्हणून मोकळे होता. जरा थांबा. तिला रागावण्याआधी तिच्या धनुष्याची दोरी पाहा.

दोरीच्या मधोमध जाड दोऱ्याचं वेष्टण असतं, त्याला सर्व्हिंग म्हणतात. त्यावर एक पितळी कडं किंवा दोऱ्याची गाठ दिसेल. हाच नॉकिंग पॉइंट. बाणाची खाच दर वेळी इथेच अडकवायची. तो सरकला, की कितीही नेम धरा, बाण डोलतच जाणार. साताऱ्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्ह धनुष्यानेच खेळला. तिथे लक्ष्य ७० मीटरवर असतं आणि १० गुणांचं वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटिमीटरचं!

गाठीला हात लावण्याआधी धनुष्याच्या मुठीपासून दोरीचं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट मोजा. नवी दोरी ताणून लांबते आणि हे अंतर कमी होतं. तेव्हा दोरीला पीळ वाढवून ते आधी जागेवर आणायचं. मग बो-स्क्वेअर ही काटकोनी पट्टी दोरीला लावा आणि काटकोनाच्या रेषेपासून साधारण अर्धा इंच वर पहिली गाठ बांधा. दात साफ करायचा फ्लॉस यासाठी छान चालतो. माझं मत विचाराल तर पितळी कड्यापेक्षा गाठच बरी. ती स्क्रूसारखी फिरवत केसभर वर-खाली करता येते. दुसरी गाठ खाचेच्या खाली बांधा, पण किंचित फट ठेवा. दोरी ओढल्यावर तिचा कोन बदलतो, फट नसेल तर खाच चिमटली जाते.

आता खरी परीक्षा. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, १५ ते २० मीटरवरून पिसं असलेले तीन बाण आणि पिसं काढलेले दोन बाण एकाच नेमाने सोडायला सांगा. पिसं बाणाची चूक झाकतात, बिनपिसांचा बाण ती उघडी पाडतो. तो इतरांपेक्षा वर लागला, तर गाठ वर न्या. खाली लागला, तर खाली. गाठ त्याच्या मागे जाते, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. मात्र पिसांचे तीन बाणच तीन दिशांना गेले, तर ही परीक्षा त्या दिवशी सोडून द्या, त्यातून काहीच कळणार नाही.

दोन्ही प्रकारचे बाण एका उंचीवर लागू लागले, की गाठीवर गोंदाचा एक थेंब टाका. गाठीचं माप आणि ब्रेस हाइट मुलीलाच तिच्या वहीत लिहायला सांगा. दोरी बदलायची वेळ येईल, तेव्हा ती वहीच आधी उघडावी लागेल.